'बिटवीन टेन टू फाइव्ह' का चुकतं? इंग्रजीतल्या जोडीनं येणाऱ्या प्रिपोझिशन्स

टाकबोरू

नववी-दहावीच्या मुलांसाठी इंग्रजीतल्या जोडीच्या प्रिपोझिशन्सचं टिपण करायचं आहे. 'फ्रॉम... टू', 'बिटवीन... अँड' या जोड्या, आणि 'डे बाय डे', 'फेस टू फेस', 'डोअर टू डोअर' ही मंडळी. बहुतेक गाइडांमध्ये यांची नुसती यादी असते. मुलं ती घोकतात आणि वाक्य करायची वेळ आली की हमखास चुकतात.

'बिटवीन टेन टू फाइव्ह' हे तर दुकानांच्या पाट्यांवरही दिसतं. चूक आहे हे ठाऊक आहे, पण 'का' असं कोणी विचारलं तर काय सांगायचं? 'फ्रॉम डोअर टू डोअर'मध्ये 'द' कुठे गेला? 'डे बाय डे', 'डे आफ्टर डे' आणि 'डे टू डे' यांतला फरक मुलांना पटेल असा कसा सांगायचा? आणि 'बोथ इन पुणे अँड नाशिक' म्हणायचं की 'इन बोथ'?

नियम नको, कारण हवं.

---

काना_मात्रा

'बिटवीन टेन टू फाइव्ह'चं मूळ इंग्रजीत शोधू नका, ते मराठीत आहे. आपण 'दहा ते पाचच्या दरम्यान' म्हणतो. 'ते'चा 'टू' केला, 'दरम्यान'चा 'बिटवीन' केला, की पाटी तयार! मराठीतला 'ते' दोन आकड्यांची एक मोळी बांधतो आणि 'दरम्यान' त्या अख्ख्या मोळीला लागतो. इंग्रजीत अशी मोळी 'बिटवीन'ला चालत नाही. त्याला दोन सुटे खांब लागतात, आणि दोन सुट्या गोष्टी जोडायचं काम 'अँड'चं. 'बिटवीन यू टू मी' कोणी म्हणतं का? 'बिटवीन यू अँड मी'च म्हणतात. माणसांच्या जागी आकडे आले म्हणून जोडीदार बदलत नाही.

'फ्रॉम'ची गोष्ट वेगळी. त्यात प्रवास आहे. इथून निघालो, तिथे पोचलो, म्हणून त्याचा जोडीदार 'टू'. मुलांना फळ्यावर दोन चित्रं काढून दाखवा. 'बिटवीन'साठी दोन उभ्या रेघा आणि मधे ठिपका, 'फ्रॉम'साठी एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण. म्हणूनच 'द शॉप इज ओपन फ्रॉम टेन टू फाइव्ह' म्हणजे सलग उघडं, आणि 'कम बिटवीन टेन अँड फाइव्ह' म्हणजे त्या वेळात केव्हाही एकदा या. अर्थच वेगळा असल्यानं प्रिपोझिशन वेगळी.

एक गंमत अशी की इंग्रजीत 'टेन टू फाइव्ह' असं सुटं म्हटलं तर त्याचा अर्थ पाचला दहा कमी, म्हणजे ४ वाजून ५० मिनिटं, असाही होतो. 'मीट मी ॲट टेन टू फाइव्ह' असं कोणी म्हणालं तर सकाळी दहाला जाऊन बसू नका.

'फ्रॉम' गाळता येतो, 'बिटवीन' नाही, हेही टिपणात घाला. 'ओपन मंडे टू फ्रायडे' चालतं, कारण 'टू' एकटाही बाण दाखवतो. 'बिटवीन' गाळलात तर उरतं 'मंडे अँड फ्रायडे', म्हणजे आठवड्यातले दोनच दिवस.

लिहिताना आडव्या रेघेचा घोळ होतो. 'फ्रॉम १९९०-९५' किंवा 'बिटवीन १९९०-९५' लिहू नये. रेघेनं 'टू'ची जागा घेतलेली असते. मग बाहेर 'फ्रॉम' एकटाच लोंबकळत राहतो. एक तर दोन्ही शब्द लिहा, 'फ्रॉम १९९० टू १९९५', नाहीतर दोन्ही काढून नुसतं '१९९०-९५'.

---

पूर्णविराम

वरच्यात 'पासून' आणि 'पर्यंत'ची भर घालतो. निम्म्या चुका या दोन शब्दांपायी होतात.

मराठीचा 'पर्यंत' भलता कष्टाळू आहे. 'नाशिकपर्यंत', 'सोमवारपर्यंत थांब', 'सोमवारपर्यंत काम संपव', 'पन्नास माणसांपर्यंत' या चारही ठिकाणी आपण तोच वापरतो. इंग्रजीत चौघांना चार वेगळे शब्द. जागेसाठी 'टू' किंवा 'ॲज फार ॲज'. त्या क्षणापर्यंत चालू राहणाऱ्या गोष्टीला 'टिल' किंवा 'अनटिल'. त्या क्षणाच्या आत एकदा उरकायच्या गोष्टीला 'बाय'. कमाल मर्यादेला 'अप टू'. म्हणून 'फ्रॉम पुणे टिल नाशिक' चुकतं. 'टिल' वेळेचा शब्द आहे, रस्त्याचा नाही. 'फ्रॉम नाइन टिल फाइव्ह' मात्र बिनधास्त लिहा. आणि 'सबमिट द फॉर्म टिल मंडे' लिहिलं तर सोमवार उजाडेपर्यंत माणूस फॉर्म देतच बसलाय असं होतं. तिथे 'बाय मंडे'. 'अप टू' हे दोन शब्द आहेत, आपल्याकडे सर्रास जोडून लिहितात.

'पासून'चंही तसंच. 'सिन्स' फक्त तेव्हापासून आत्तापर्यंत चालत आलेल्या गोष्टीला. शेवट दिलेला असेल तर 'सिन्स' बाद. 'सिन्स २०१० टू २०१५' नाही, 'फ्रॉम २०१० टू २०१५'.

शेवटचा दिवस धरायचा की नाही, ही अजून एक गोची. 'फ्रॉम थर्ड टू सेव्हन्थ मार्च' रजा मागितली तर सात तारखेला हजर व्हायचं की आठ? 'टू' याचं उत्तर देत नाही. म्हणून आपल्याकडच्या रजेच्या अर्जांत 'बोथ डेज इन्क्लुझिव्ह' घालायची पद्धत आहे. ते घातलं की रजा ५ दिवसांची, हजर ८ तारखेला. अमेरिकी इंग्रजीत याच कामाला 'थ्रू' वापरतात. 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून.

---

थरावर_थर

'डोअर टू डोअर'कडे येतो. मला यातला हाच भाग सगळ्यात चविष्ट वाटतो, कारण मराठीत याची जुळी भावंडं आहेत आणि आपण ती शिकवताना कधी वापरत नाही. दारोदारी, दिवसेंदिवस, पावलोपावली, समोरासमोर, हातात हात, थरावर थर. तोच शब्द दोनदा आणि मधे एखादा प्रत्यय किंवा सांधा. इंग्रजीतही हाच साचा आहे: नाम, मधे प्रिपोझिशन, पुन्हा तेच नाम.

'द' का नाही? 'ते दारोदारी फिरले' म्हटल्यावर 'कोणत्या दारी?' असं कोणी विचारत नाही. तिथे दार म्हणजे ठरावीक दार नाहीच, ते मोजायचं माप झालेलं आहे. जे नाम कशाकडे बोट दाखवत नाही त्याला उपपद कशाला? मुलांना हीच चाचणी द्या. 'कोणतं?' या प्रश्नाला उत्तर असेल तर 'द' येणार. 'शी वॉक्ड फ्रॉम द डोअर टू द विंडो', इथे दार ठरलेलं, खिडकी ठरलेली. 'दे वेंट फ्रॉम डोअर टू डोअर', इथे काहीच ठरलेलं नाही.

जोडीतली नामं वेगळी असली तरी उपपद गळतं, हे लक्षात येत नाही. 'फ्रॉम टॉप टू बॉटम', 'फ्रॉम हेड टू टो', 'फ्रॉम स्टार्ट टू फिनिश'. यातलं मजेशीर उदाहरण 'बिगिनिंग'चं. एकटं असताना 'फ्रॉम द बिगिनिंग', 'ॲट द एंड', दोन्हीकडे 'द' हवाच. जोडी जमली की 'फ्रॉम बिगिनिंग टू एंड', दोघांचेही 'द' गेले. परीक्षेत गाळलेल्या जागा देणाऱ्यांचं हे लाडकं ठिकाण आहे.

आता 'बाय', 'आफ्टर', 'टू' यांतला फरक. याद्या फेका आणि मधल्या प्रिपोझिशनचा मूळ अर्थ पकडा.

'बाय' हे माप आहे. केळी डझनानं मिळतात त्याला 'बाय द डझन' म्हणतात, तोच हा 'बाय'. 'डे बाय डे' म्हणजे एकेक दिवसाच्या मापानं, थोडं थोडं. त्यामुळे वाक्यात काहीतरी बदलत असावं लागतं. 'ही इज गेटिंग स्ट्राँगर डे बाय डे' ठीक. 'आय ब्रश माय टीथ डे बाय डे' हे हास्यास्पद, कारण बदल कसलाच नाही. तिथे 'एव्हरी डे'. ओळखायची खूण म्हणजे मराठीत 'दिवसेंदिवस' बसतंय का पाहायचं. 'मी दिवसेंदिवस दात घासतो' म्हणाल का?

'आफ्टर' म्हणजे रांग. एकामागून एक, तेच ते, बहुधा वैतागासकट. 'डे आफ्टर डे ही आस्क्ड द सेम क्वेश्चन.'

'टू' म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणं, किंवा एकमेकांना भिडणं. 'प्राइसेस व्हेरी फ्रॉम डे टू डे' म्हणजे आजचा भाव उद्या नसतो. 'फेस टू फेस', 'बॅक टू बॅक' हे भिडणारे. नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं तर अर्थ नुसता 'रोजचा' होतो, 'डे-टू-डे एक्स्पेन्सेस'.

'फॉर' म्हणजे बदल्यात, तोडीस तोड. 'वर्ड फॉर वर्ड' म्हणजे शब्दाला शब्द, जसंच्या तसं. 'वर्ड बाय वर्ड' म्हणजे एका वेळी एक शब्द घेत. पाठ केलेलं भाषण 'वर्ड फॉर वर्ड' म्हणून दाखवतात; अवघड उतारा 'वर्ड बाय वर्ड' वाचतात.

'अपॉन' म्हणजे रचत जाणं. 'लेयर अपॉन लेयर.'

भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेंडॉफ यांनी २००८ मध्ये या साच्यावर लेख लिहिला. त्यांच्या मते 'बाय', 'फॉर', 'टू', 'आफ्टर' आणि 'अपॉन' या पाच प्रिपोझिशन्स घेऊन नवी नवी नामं घालता येतात. बाकीच्या जोड्या गोठलेल्या. शिकवायला हे फार सोयीचं आहे. 'फाइल बाय फाइल', 'गाव'साठी 'व्हिलेज आफ्टर व्हिलेज' हे मुलं स्वतः बनवू शकतात. 'हँड इन हँड', 'आर्म इन आर्म' मात्र आहे तसं घ्यायचं. 'इन' घालून 'बुक इन बुक' करता येत नाही.

फसव्या जोड्या दोनच सांगतो. 'टाइम आफ्टर टाइम' म्हणजे वारंवार, 'फ्रॉम टाइम टू टाइम' म्हणजे अधूनमधून, जवळजवळ उलटे अर्थ. 'साइड बाय साइड' म्हणजे शेजारीशेजारी, 'फ्रॉम साइड टू साइड' म्हणजे डावीउजवीकडे हेलकावे. बस 'साइड बाय साइड' हलत नाही.

नाम एकवचनीच. 'इयर्स आफ्टर इयर्स' नाही. आणि अशी जोडी कर्ता झाली तर क्रियापदही एकवचनी: 'बस आफ्टर बस वॉज फुल.' डोळ्यांपुढे दहा बस येतात म्हणून 'वेअर' लिहायचा मोह होतो.

---

काना_मात्रा

छान. एक दुरुस्ती नाही म्हणता येणार, पण पुस्ती. मधे विशेषण घालता येतच नाही असं मुलांना सांगू नका. 'आफ्टर'च्या जोडीत दुसऱ्या नामाआधी चालतं, 'डे आफ्टर वेअरी डे'. 'फेस टू हॅपी फेस' मात्र नाही. शिवाय लहान रेघांचं लिहा: नामाआधी असेल तर रेघा, 'अ डोअर-टू-डोअर सर्व्हे', क्रियापदानंतर असेल तर सुटं, 'दे वेंट डोअर टू डोअर'.

---

अर्धविराम

'बोथ'चं कोणीच घेतलं नाही.

सूत्र एकच: 'बोथ'नंतर जे येईल त्याच जातीचं 'अँड'नंतर यायला हवं. 'बोथ'च्या पुढे 'इन पुणे' असेल तर 'अँड'च्या पुढे 'इन नाशिक'. 'इन' आधीच बाहेर काढला असेल तर 'इन बोथ पुणे अँड नाशिक'. 'बोथ इन पुणे अँड नाशिक' यात एक पारडं जड झालं. मराठीत हे कानाला लगेच कळतं. 'पुण्यात आणि नाशिक' म्हटलं की वाक्य लंगडतं. इंग्रजीत प्रिपोझिशन सुटी असते म्हणून लंगडेपणा लपतो. 'आयदर... ऑर', 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' यांनाही हेच. बोलण्यात इंग्रजी लोकही इथे ढिले असतात, तेव्हा कोणी बोलताना म्हणालं तर टोकू नका, पण लेखी उत्तरात नीट तोलून लिहायला लावा.

याहून जास्त मार्क जातात ते दोन वेगळ्या प्रिपोझिशन्स एका नामाला बांधताना. 'शी इज इंटरेस्टेड अँड गुड ॲट मॅथ्स' चूक. एक अर्धं झाकून वाचा: 'इंटरेस्टेड ॲट मॅथ्स'? नाही ना? मग 'इंटरेस्टेड इन अँड गुड ॲट मॅथ्स'. दोन शब्दांची प्रिपोझिशन एकच असेल तर ती एकदाच पुरते: 'अफ्रेड अँड अशेम्ड ऑफ'. जोडीनं झाकून पाहायची ही चाचणी 'इन अँड आउट ऑफ हॉस्पिटल'ला लावू नका. तिथे 'इन ऑफ' कोणी म्हणत नाही, पण तो प्रयोग रूढ होऊन बसलाय.

---

टाकबोरू

सगळं उतरवून घेतलं. एक राहिलं. भाववाढीची वाक्यं. 'कांदा २० रुपयांवरून ३५ वर गेला.' मुलं 'वर'चं 'ऑन' करतात. आणि नोटीस लिहिताना दोन-तीन प्रिपोझिशनची शेपटं एकापुढे एक लागली की क्रम काय ठेवायचा?

---

पूर्णविराम

भाववाढीत मराठी आणि इंग्रजीची वाटणी अगदी चोख जुळते, फक्त तक्ता नीट लावायला हवा. 'वरून' म्हणजे 'फ्रॉम', 'वर' म्हणजे 'टू', 'ने' म्हणजे 'बाय'. '२० वरून ३५ वर' झालं 'फ्रॉम ट्वेंटी टू थर्टी-फाइव्ह'. '१५ नं वाढला' झालं 'बाय फिफ्टीन'. तिन्ही एकत्र हवे असतील तर 'रोझ बाय फिफ्टीन रुपीज, फ्रॉम ट्वेंटी टू थर्टी-फाइव्ह'.

इथे 'फ्रॉम' गाळू नका. 'मंडे टू फ्रायडे'त चालतं म्हणून इथे चालत नाही. 'द प्राइस रोझ ट्वेंटी टू थर्टी-फाइव्ह रुपीज' याचा अर्थ भाव २० ते ३५ रुपयांनी वाढला असा लागतो. एक शब्द गेला आणि कांदा कुठच्या कुठे.

टक्क्यांत आणखी जपून. व्याजदर ६ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला तर वाढ 'बाय हाफ अ परसेंट' नाही, 'बाय हाफ अ परसेंटेज पॉइंट'. टक्क्यांत मोजली तर ती ८.३३ टक्के होते.

---

थरावर_थर

क्रमाचं सांगतो. मराठी मोठ्याकडून लहानाकडे जाते: पुण्यात, कोथरूडला, अमक्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. इंग्रजी उलट, लहानाकडून मोठ्याकडे: 'ऑन द थर्ड फ्लोअर ऑफ अ बिल्डिंग इन कोथरूड, पुणे'. वेळेतही तेच: 'ॲट फोर ओ'क्लॉक ऑन मंडे'. जागा आणि वेळ दोन्ही असतील तर साधारणपणे जागा आधी: 'इन द हॉल ॲट फोर ऑन मंडे'. पाकिटावर पत्ता लिहिताना मुलं लहानाकडून मोठ्याकडेच जातात, तेच उदाहरण द्या.

खरी अडचण क्रमाची नसते, शेपूट कोणाला चिकटलंय याची असते. हे वाक्य बघा: 'द प्रिन्सिपल स्पोक अबाउट द फाइट इन द कँटीन ऑन मंडे.' मारामारी कँटीनमध्ये झाली की मुख्याध्यापक कँटीनमध्ये बोलले? सोमवारी मारामारी झाली की सोमवारी ते बोलले? मराठीत 'सोमवारच्या मारामारीबद्दल' किंवा 'कँटीनमधल्या' असा 'च्या', 'ल्या' लावून आपण मोकळे होतो. इंग्रजी शेपटाला असा प्रत्यय नसतो. ते जवळच्या नामालाही चिकटू शकतं आणि लांबच्या क्रियापदालाही.

उपाय दोन. क्रियापदाचं शेपूट उचलून वाक्याच्या तोंडाशी न्यायचं, किंवा नामाचं शेपूट क्रियापद घालून पक्कं करायचं. बोलणं सोमवारी झालं आणि मारामारी कँटीनमध्ये, तर: 'ऑन मंडे, द प्रिन्सिपल स्पोक अबाउट द फाइट दॅट टुक प्लेस इन द कँटीन.' आता दिवस बोलण्याचा, जागा मारामारीची. नोटीस लिहून झाली की प्रत्येक शेपटापुढे 'कशाचं?' असं विचारायला सांगा. दोन उत्तरं आली की ते शेपूट हलवायचं.